थकवलेला पैसा वाचलेला नसतो

महाराष्ट्रावर सव्वानऊ लाख कोटींच्या वर कर्ज झाले, तेव्हा आता खर्चाला कात्री लावल्याशिवाय गत्यंतर नाही, हे वाक्य इतक्या तोंडांतून ऐकू येते आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटेनासे झाले आहे. मुंबईतले जाणकार ते वाहिन्यांवर सांगतात, भंडाऱ्यातले व्यापारी दुकानात सांगतात. इथे वरठीत, भंडारा रोड स्टेशनबाहेर चहा पिता पिता, पेन्शन घेणारी माणसेही म्हणतात, ‘माणशी सत्तर हजार कर्ज झालं राज्यावर, आता बोनस कशाचा मागता?’ बोनस म्हणजे धानाचा बोनस. आमच्या भागात सरकारी खर्चावरचा कुठलाही वाद शेवटी धानापाशी येतो आणि कात्रीची पहिली मागणीही तिथेच होते.

या म्हणण्याला उत्तर द्यायला हवे. त्यातली भीती खरी वाटते आणि म्हणूनच त्यातून काढलेला चुकीचा निष्कर्षही लोक निमूट मान्य करतात. तो निष्कर्ष आमच्यासारख्या जिल्ह्याला पुन्हा पुन्हा मागे ढकलत आला आहे.

आधी आकडे पाहू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने मार्च २०२६ अखेर राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी रुपये असेल असा अंदाज दिला. त्याच कागदांत त्या वर्षीचे सकल राज्य उत्पन्न ४९ लाख ३९ हजार कोटी धरले आहे. हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आत बसते. केंद्राने नेमलेल्या एन. के. सिंग समितीने २०१७ मध्ये सगळ्या राज्यांसाठी मिळून २० टक्क्यांची मर्यादा सुचवली होती. राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटी, म्हणजे उत्पन्नाच्या पावणेतीन टक्के, तीन टक्क्यांच्या रेषेखाली. माणशी सत्तर हजार कर्ज सांगणारा माणूस त्याच भागाकाराने निघणारे माणशी पावणेचार लाखांच्या वरचे उत्पन्न कधीच सांगत नाही.

सारे आलबेल आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच अर्थसंकल्पात ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट होती. रोजचा खर्च भागवायलाही उसने घ्यावे लागते आहे. व्याजापोटी सुमारे ६४ हजार ६०० कोटी जायचे होते, म्हणजे तिजोरीत येणाऱ्या शंभर रुपयांतले साडेअकरा. ही दुखरी जागा आहे आणि तिच्यावर इलाज हवा. वाद आहे तो इलाजाबद्दल. दुखणे महसुली बाजूला आहे आणि कात्री चालते भांडवली कामांवर, दुरुस्तीवर, रिकाम्या पदांवर आणि ज्यांचे मोर्चे मंत्रालयापर्यंत पोहोचत नाहीत अशा माणसांवर. कर्ज कमी करण्याच्या नावाखाली नेमके ते खर्च कापले जातात ज्यांच्यातून उद्याचे उत्पन्न निघायचे असते.

घरखर्चाचा दाखला या वादात हटकून येतो: मिळकत कमी झाली की घरातला कर्ता माणूस खर्च आवरतो, सरकारने का आवरू नये? घराने किराणा कमी आणला म्हणून घरच्या कर्त्याचा पगार घटत नाही. सरकारचे तसे नसते. जिल्हा परिषदेच्या रस्त्याचे देयक अडकले की ठेकेदार डांबरवाल्याला थांबवतो, डांबरवाला टिप्परवाल्याला, आणि आठवड्याच्या बाजारात मजुराच्या बायकोची पिशवी अर्धी भरते. त्या प्रत्येक व्यवहारावरचा वस्तू व सेवा कर सरकारलाच मिळायचा असतो, तोही त्या प्रमाणात बुडतो. राज्य सरकारला नोटा छापता येत नाहीत आणि घटनेच्या २९३ व्या कलमाखाली कर्जासाठी केंद्राची संमती लागते, हे खरेच. पण हे कर्ज कुणा परक्या सावकाराचे नाही. राज्याचे रोखे रिझर्व्ह बँकेच्या लिलावात विकले जातात आणि ते घेतात बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी. चहाच्या टपरीवर कर्जाची भीती घालणाऱ्या निवृत्तांच्या ठेवींवरचे व्याजही काही अंशी त्याच रोख्यांतून येते.

आता कात्री चालते कशी ते पाहू. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही, लावूही नये. मग उरते ते काम. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने निर्णय काढला: विकासखर्चाला ६७ टक्के कात्री, विभागांना फक्त ३३ टक्के निधी, नवी कामे बंद, आरोग्यासारखे अपवाद सोडून नोकरभरती बंद. टाळेबंदीत महसूल आटला होता, तेव्हा त्या दिवशी दुसरा मार्ग सापडणे कठीण होते हे मान्य करतो. पण साथ गेली तरी ती सवय गेली नाही. आता जाहीर निर्णय काढावाच लागत नाही. अर्थसंकल्पात तरतूद दिसते, प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, काम सुरू होते आणि मग ‘बीम्सवर (म्हणजे निधिवाटपाच्या सरकारी संगणकप्रणालीवर) निधी आलेला नाही’ एवढे एकच वाक्य कार्यालयात ऐकायला मिळते. मार्चएंडला थोडे पैसे टाकले जातात, बाकीचे पुढच्या वर्षावर. राज्यभरातल्या सरकारी कामांची देयके ८९ हजार कोटींच्या घरात थकली आहेत, असे ठेकेदारांच्या संघटना २०२५ मध्ये सांगत होत्या. त्यांचा आकडा निम्मा धरला तरी हे सरकारने बिनव्याजी, बिनकरार उचललेले कर्जच ठरते. फरक इतकाच की ते ९ लाख ३२ हजार कोटींत कुठेच दाखवलेले नाही, आणि त्याचे व्याज लहान ठेकेदार पतसंस्थेत भरतो. तूट कमी दाखवल्याचे श्रेय घेणाऱ्यांनी या थकबाकीची बेरीजही सांगितली पाहिजे.

थकवण्याची किंमत काय होते याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा पुरावा आमच्याच जिल्ह्यात वैनगंगेवर उभा आहे. गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाले. मूळ किंमत ३७२ कोटी रुपये, १९८२-८३ च्या दराने. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची होती. २०१६ च्या सुमारास सुधारित किंमत १८ हजार ४९४ कोटींवर गेली आणि पुढेही वाढत राहिली. ही वाढ जवळजवळ पन्नास पट आहे. त्याच काळात औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक साधारण साडेबारा पट झाला. म्हणजे महागाईने जेवढी वाढ समजून घेता येते, तिच्या चौपट किंमत झाली. काही वाढ पुनर्वसनाची होती आणि ती न्याय्यच होती; ज्यांची घरे-शेते बुडाली त्यांना २०१३ मध्ये जवळजवळ १ हजार २०० कोटींचे विशेष पॅकेज मिळाले, तेही किती उशिरा. काही वाढ बदललेल्या आराखड्याची होती. पण फार मोठा वाटा निव्वळ विलंबाचा आहे. दरवर्षी तुटपुंजी तरतूद करायची, ती अनेक प्रकल्पांवर पसरायची, कुठलाच पुरा होऊ द्यायचा नाही. धरण झाले तर मुख्य कालवा नाही, कालवा झाला तर वितरिका नाही, वितरिका आली तर पाणी बांधीपर्यंत न्यायला चारी नाही. मोहाडी-तुमसरच्या वाट्याचा बावनथडी प्रकल्पही असाच एका पिढीने पाहायला सुरुवात केली आणि दुसरीने पुरा होताना पाहिला. त्या त्या वर्षी प्रत्येक अर्थमंत्र्याने ‘एवढे वाचवले’ असे मनाशी म्हटले असेल. त्या साऱ्या बचतींची बेरीज हजारो कोटींच्या जादा खर्चाची आहे, आणि तीस वर्षे न पिकलेल्या उन्हाळी धानाचा तर त्यात हिशेबच नाही.

इथे समोरचा माणूस म्हणेल, आणि त्याने म्हणावेच, की गोसेखुर्दचा पैसा खाल्ला गेला, मग आणखी पैसा कशाला ओतायचा? भ्रष्टाचार झाला, यात शंका घेण्यासारखे काही नाही. विदर्भ पाटबंधारे महामंडळाच्या कामांच्या चौकशा झाल्या, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे दाखल केले, कालव्याचे निकृष्ट अस्तरीकरण हा तर या भागात घरोघरी बोलला गेलेला विषय आहे. पण हा पैसा खायला वाट कुठे मिळाली? सुधारित मान्यतेत, दरवाढीत, अर्धवट सोडलेल्या कामाच्या नव्या निविदेत. काम जितके लांबते तितक्या वेळा फाइल पुन्हा उघडते, आणि प्रत्येक उघडलेली फाइल नव्या मागणीची संधी असते. पाच वर्षांत पुरे निधी देऊन संपवलेल्या कामावर नजर ठेवणे सोपे, तीस वर्षे चाललेल्या कामावर कुणाचीच नजर राहत नाही. अधिकारी बदलतात, आमदार बदलतात, मोजमाप-पुस्तके गहाळ होतात. भ्रष्टाचाराला उत्तर म्हणून निधी कापणारे लोक भ्रष्टाचाराचाच कालावधी वाढवतात.

आणि मोठ्या धरणाचे सोडा, मामा तलावांचे पाहा. माजी मालगुजारी तलाव म्हणजे मामा तलाव. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून जास्त आहेत. कोहळी समाजाच्या माणसांनी बांधलेल्या या तलावांवर इथला धान पिढ्यान्‌पिढ्या रोवला गेला. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तलाव सरकारकडे आले, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. गावकऱ्यांचे निस्तार हक्क, म्हणजे वापराचे परंपरागत हक्क, असल्याने पाणीपट्टी फारशी येणार नव्हती, आणि पट्टी येत नाही म्हणून दुरुस्तीलाही पैसा नाही, असा हिशेब दशकानुदशके चालला. पाळ खचली, सांडवा फुटला, गेट गंजले, गाळ चढत गेला, पाणलोटात अतिक्रमणे झाली. एकेका तलावाची दुरुस्ती काही लाखांची असते. ती न केल्यामुळे त्याच शेतकऱ्याला पुढे विहिरीला अनुदान, पंपाला वीज-सवलत, दुष्काळाला मदत आणि पोराला नागपूरच्या बांधकामावर पाठवण्याची पाळी आली. हे सगळे खर्च वेगवेगळ्या विभागांच्या खात्यांत पडतात, म्हणून कुणाला दिसत नाहीत. गाळ काढण्याच्या योजना अधूनमधून आल्या, चांगले कामही झाले. सातत्य कधीच नव्हते, कारण दुरुस्तीच्या कामाचे उद्घाटन होत नाही.

सर्वांत ताजे उदाहरण पीकविम्याचे आहे. २०२३ मध्ये सुरू झालेली एक रुपयातली योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. तिच्यात बोगस अर्ज फार निघाले, ते निपटायला हवेच होते. पण त्याच फेरबदलात काढणीनंतरच्या नुकसानीची भरपाईही राज्याने वगळली आणि भरपाई फक्त पीककापणी प्रयोगावर ठेवली. सोयाबीनवाल्याला याचा फटका कमी-जास्त बसेल, धानवाल्याला तो थेट बसतो. धान कापून कडपा बांधीत पसरलेल्या असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस नेमका त्याच आठवड्यात येतो, आणि लोंब्यांना कोंब फुटतात. पीककापणी प्रयोगात ते पीक उभे आणि चांगले नोंदलेले असते. कागदावर नुकसान शून्य. विम्यावर राज्याने पैसे वाचवले आणि त्याच हंगामात अतिवृष्टीसाठी ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. विमा नीट असता तर या रकमेचा काही भाग आधीच गोळा झालेल्या हप्त्यांतून आला असता, आणि तो पंचनाम्यांच्या रांगेत उभे न राहता मिळाला असता.

बोनसचा विषय टाळणार नाही. पूर्वी क्विंटलमागे सातशे रुपये मिळत, आता हेक्टरी वीस हजार, दोन हेक्टरांपर्यंत. खरेदीतल्या गैरव्यवहारांना आळा बसावा म्हणून क्विंटलऐवजी हेक्टर धरले, तो बदल योग्यच होता. पण याला खैरात म्हणणाऱ्यांनी हमीभावाचे गणित मांडून पाहावे. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव २ हजार ३०० रुपये होता. रोवणी-कापणीची मजुरी, खत, ट्रॅक्टर आणि स्वतःच्या घरच्यांचे राबणे धरले तर पावसाच्या पाण्यावर एकच पीक घेणाऱ्या माणसाच्या हाती फार काही राहत नाही. खरेदी केंद्रावर माल दिल्यावर चुकारे कधी येतील याचीही हमी नसते. बारदाना नाही, गोदाम भरले, भरडाईचा दर ठरला नाही, अशी कारणे दरवर्षी तीच. ज्याच्या घामाचे पैसे महिनेन्‌महिने सरकारकडे पडून राहतात त्याला सरकारचा आश्रित म्हणणे मला सहन होत नाही. त्या काळात तोच सरकारला कर्ज देत असतो. सिंचन असते तर त्याने बोनस मागितलाही नसता.

लाडकी बहीण योजनेलाही असेच खैरात म्हटले जाते. २०२५-२६ मध्ये तिच्यासाठी ३६ हजार कोटी ठेवले. महिन्याला दीड हजार रुपये बाईच्या खात्यात जातात आणि ते वरठीच्या, तुमसरच्या बाजारातच खर्च होतात, ते बुडीत खात्यात जात नाहीत. अपात्र नावे वगळावीत, आक्षेप नाही. माझा आक्षेप ठाम आहे तो दुसऱ्या गोष्टीला: मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासाचे सुमारे ३३५ कोटी वळवले गेले. वसतिगृहातल्या दलित आणि आदिवासी मुलांचा वाटा त्यांच्याच आयांना महिन्याच्या हप्त्यात द्यायचा, ही सामाजिक खर्चाची व्यवस्था होऊच शकत नाही.

तिजोरीची शिल्लक आधी की लोकांची गरज, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मध्य प्रांताची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत, दोन भीषण दुष्काळांनंतर, वाढण्याऐवजी घटली होती, आणि त्याच सुमारास हिंदुस्थान सरकारचा अर्थसंकल्प शिलकीचा होता. मार्च १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात उभे राहून त्या शिलकीवरच हल्ला चढवला. लोक उपाशी असताना तिजोरीत उरणारा पैसा हा कारभाराच्या यशाचा पुरावा नसून जादा करवसुलीचा पुरावा आहे, अशी त्यांची मांडणी होती. त्यानंतर मिठावरचा कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने उतरला. भंडाऱ्याचाही सरकारी पैशाच्या या वादाशी संबंध आहे. प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर १९२५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक भंडाऱ्यातून लढवली आणि ते हरले. त्याच द्विसदस्य मतदारसंघातून निवडून आलेले अशोक मेहता पुढे १९५७ मध्ये अन्नधान्य चौकशी समितीचे आणि १९७७ मध्ये पंचायत राज समितीचे अध्यक्ष झाले. सरकारी पैसा खालपर्यंत कसा पोहोचतो याचा विचार केलेली माणसे या जिल्ह्याने पाहिली आहेत, तेव्हा अर्थकारण आम्हाला कळत नाही असा सूर कुणी लावू नये.

वरठीचेच घ्या. हे गाव नकाशावर ठळक झाले ते १८८० च्या सुमारास सरकारी पैशाने बांधलेल्या नागपूर-छत्तीसगड मीटरगेज मार्गामुळे. पुढे बंगाल नागपूर रेल्वेने तो घेऊन ब्रॉडगेज केला. त्या काळचे परके सरकारही आपल्या हिशेबात रेल्वे-कालव्यांचे ‘उत्पादक’ कर्ज वेगळे दाखवत असे. शंभर वर्षांनी त्याच रुळांच्या भरवशावर इथे सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना आला. पुढच्या पिढीवर कर्ज लादू नका म्हणणाऱ्यांनी सांगावे, त्या पिढीला रूळ मिळाले नसते तर वरठीला काय मिळाले असते? उलट, ग्रीसने २०१० नंतर जी टोकाची काटकसर केली तिच्यात उत्पन्न चौथ्या हिश्शाने घटले आणि कर्जाचे प्रमाण १२७ टक्क्यांच्या आसपासचे १८० पर्यंत गेले. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मुख्य अर्थतज्ज्ञांनाच लिहावे लागले की कपातीचा फटका आपण कमी लेखला होता. महाराष्ट्र म्हणजे ग्रीस नाही, पण भाजक घटवून भागाकार सुधारत नाही हे दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

मग पैसा आणायचा कुठून? महसुली बाजूने. एकच उदाहरण देतो. व्यवसाय कराची वार्षिक कमाल मर्यादा घटनेच्या २७६ व्या कलमाने १९८८ मध्ये २ हजार ५०० रुपये केली, गोसेखुर्दच्या भूमिपूजनाच्याच वर्षी. आजही ती तेवढीच आहे. भंडाऱ्यातला कारकून आणि मुंबईत वर्षाला कोट्यवधी पगार घेणारा अधिकारी सारखाच कर भरतात. तेव्हाच्या अडीच हजारांची आजची किंमत पंचवीस हजारांच्या पुढे जाते. पंधराव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १८ हजारांपर्यंत नेण्याची शिफारस केली, तरी त्यासाठी घटनादुरुस्ती करा म्हणून महाराष्ट्राने दिल्लीत आवाज उठवलेला दिसत नाही. धानाच्या बोनसवर बोलणाऱ्यांनी या कलमावर एकदा तरी बोलावे. वस्तू व सेवा कराची भरपाई जून २०२२ मध्ये संपली, तेव्हा स्वतःच्या करांची बाजू भक्कम करणे हे राज्यापुढचे पहिले काम होते.

प्रादेशिक तोलाचा प्रश्नही इथेच येतो. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये ३ हजार १८६ कोटींचा अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे झाली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी, त्या ६७ टक्क्यांच्या कपातीच्या चार दिवस आधी, विदर्भाच्या मंडळाची मुदत संपू दिली गेली. कपातीचा जिल्हावार परिणाम पाहणारी यंत्रणा नेमकी कपातीच्या तोंडावर संपली.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विदर्भातल्या प्रत्येक आमदाराने, पक्ष कुठलाही असो, मांडावी. अर्थसंकल्पीय कर्जाच्या आकड्याशेजारी सरकारने ३१ मार्च रोजी थकलेल्या सर्व देयकांचा जिल्हावार आकडा सभागृहात ठेवावा: ठेकेदारांची देयके, धानाचे चुकारे, शिष्यवृत्त्या, भरडाईची बिले, सगळे. आणि ज्या सिंचन कामाची सुधारित मान्यता दुसऱ्यांदा मागितली जाईल, त्याच्या प्रस्तावात विलंबामुळे किती कोटी वाढले हे वेगळ्या रकान्यात लिहिणे बंधनकारक करावे.